र्‍यूच्या तीन मूव्ह, दोन्ही बाजूंनी: सरावाच्या नोंदी

२ जून

आजपासून ही वही. खेळ स्ट्रीट फायटर ६, म्हणजे दोघांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम. कॅरॅक्टर र्‍यू, हातात साधा पॅड, डावा अंगठा डी-पॅडवर, म्हणजे दिशांच्या चार टोकांच्या कळीवर.

काम ठरलंय ते असं: हडोकेन (हातातून फेकलेला ऊर्जेचा गोळा), शोर्युकेन (वर उसळून मारलेला ठोसा) आणि तात्सुमाकी (गरगर फिरत मारलेली लाथ) या तीन मूव्ह दोन्ही बाजूंनी काढता यायला हव्यात, आणि त्या खऱ्या मॅचमध्ये, समोर माणूस खेळत असताना. मुदत सहा आठवडे. सुपर वगैरे सध्या बाजूला.

कंट्रोल कोणते घ्यायचे यावर बराच विचार केला. या खेळात मॉडर्न नावाची पद्धत आहे. तिच्यात स्पेशल मूव्हसाठी वेगळं बटण असतं. दिशा धरून ते दाबलं की मूव्ह निघते. अशा शॉर्टकटने काढलेल्या मूव्हचा मार २० टक्के कमी बसतो आणि साध्या ठोशा-लाथांपैकी काही हाताशी राहत नाहीत. पण उडी मारून येणाऱ्याला एका बटणात शोर्युकेन देता येतो, हे फार मोठं बळ आहे. मॉडर्न म्हणजे पळवाट असं म्हणणारे मला पटत नाहीत. मी क्लासिक घेतलं, कारण मला मुळात कमांडच, म्हणजे दिशा आणि बटणांचे ते क्रमच, शिकायचे आहेत. तीन पंच, तीन किक: लाइट, मीडियम, हेवी.

३ जून

कमांड लिहायची आकड्यांची पद्धत पाठ केली. कीबोर्डच्या उजव्या बाजूचा आकड्यांचा चौकोन डोळ्यांसमोर आणायचा. ५ म्हणजे अंगठा मोकळा, ६ पुढे, ४ मागे, २ खाली, ८ वर, आणि कोपऱ्यांत तिरक्या दिशा. आपलं कॅरॅक्टर डावीकडे उभं आहे आणि उजवीकडे बघतंय असं धरून सगळं लिहिलेलं असतं.

हडोकेन: २३६ आणि पंच.
तात्सुमाकी: २१४ आणि किक.
शोर्युकेन: ६२३ आणि पंच.

बाणांपेक्षा हे आकडे मला आवडले, कारण ते मोठ्याने म्हणता येतात. ‘दोन-तीन-सहा’ म्हणत अंगठा फिरवला की हाताला ठेका सापडतो. बाण म्हणता येत नाहीत.

५ जून

तासभर फक्त हडोकेन, डावीकडून. ५० वेळा केला, २७ वेळा निघाला. उरलेल्या २३ वेळी काय झालं हे शोधण्यातच आजचा खरा वेळ गेला, आणि तो सार्थकी लागला.

ट्रेनिंग मोडमध्ये पडद्याच्या कडेला इनपुट दिसतं: कोणती दिशा दाबली, कोणतं बटण दाबलं आणि प्रत्येक गोष्ट किती फ्रेम धरून ठेवली. खेळ सेकंदाला ६० फ्रेम चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. आतापर्यंत मूव्ह निघाली नाही की मी अंगठा आणखी जोरात दाबत होते. आज प्रत्येक चुकीनंतर थांबून यादी वाचली. चुका दोनच प्रकारच्या निघाल्या.

पहिली: २ नंतर थेट ६. मधला ३ गायब. अंगठा खालच्या टोकावरून उचलून पुढच्या टोकावर टेकवत होते, त्यामुळे तिरकी दिशा लागतच नव्हती. अंगठा उचलायचा नाही, लोळवायचा. त्याच्या पेराचा मधला भाग डी-पॅडच्या मध्यावर टेकवून ठेवला आणि नुसता कलता केला, तेव्हा ३ आपोआप यायला लागला.

दुसरी: बटण घाईत. यादीत २, मग ३ आणि पंच एकत्र, आणि त्यानंतर ६. र्‍यू बसल्या बसल्या ठोसा मारतो. इथे अंगठा बरोबर आहे, उजवा हातच आधी धावतोय. खेळ उशीर थोडा माफ करतो. ६ वर पोहोचल्यावर दोन-चार फ्रेमनी बटण दाबलं तरी हडोकेन निघतो. लवकर दाबलेलं मात्र माफ होत नाही. म्हणून ‘दोन-तीन-सहा-पंच’ असे चार ठोके मोजत केलं. बटणाला स्वतःचा ठोका मिळाला की चूक पहिल्या दहा मिनिटांतच कमी झाली.

जोर लावणं पूर्ण बंद.

८ जून

हडोकेन ५० पैकी ४४. तात्सुमाकी ५० पैकी ४१. तात्सुमाकी म्हणजे आरशातला हडोकेन, पंचाऐवजी किक. वेगळं शिकावं लागलं नाही.

११ जून

शोर्युकेन. ६२३. पुढे, खाली, पुढचा खालचा कोपरा. जपानी नावाचा अर्थ ‘उसळणाऱ्या ड्रॅगनचा ठोसा’.

अंगठ्याला हे वळण अनोळखी आहे. हडोकेन एकाच दिशेने घरंगळतो, हा पुढे जाऊन मागे वळतो आणि पुन्हा पुढे. ३० पैकी ६. यादी वाचली तर बहुतेक वेळा शेवटी अंगठा ६ वर जाऊन पोहोचत होता, म्हणजे मी सावकाश ६२३६ करत होते आणि पंच दाबेपर्यंत ६२३ जुना होऊन जात होता. शेवट ३ वर करायचा आणि तिथेच थांबायचं. र्‍यू बसलेलाच राहतो आणि बसल्या जागेवरून उसळतो. ‘पुढे, मग बसून पुढे’ असं मनात म्हटल्यावर ३० पैकी १५.

ही कमांड अशी अवघड का केली असेल, याचा विचार करत बसले. या खेळात मागे धरलं की ब्लॉक होतो. शोर्युकेन काढायचा तर पहिली दिशाच पुढची, म्हणजे ब्लॉक सोडावाच लागतो. एवढी ताकदवान मूव्ह मागे धरून, सुरक्षित राहून मिळत नाही. फसला तर तुम्ही हवेत आणि खाली समोरचा तुमची वाट बघतोय. ब्लॉक झालेल्या शोर्युकेननंतर २० हून जास्त फ्रेम समोरच्याला मोकळ्या मिळतात, त्यात तो त्याचा सगळ्यात मोठा मार देऊ शकतो. कमांडच्या आकारातच तिची किंमत लिहिलेली आहे. हे लक्षात आल्यापासून ६२३ मला उगाच वाकडी वाटत नाही.

१२ जून

अंगठा दुखतोय. आज सराव नाही.

१५ जून

आजची अडचण मी सोडवेन असं सकाळी वाटलं नव्हतं.

जागेवर उभं राहून हडोकेन येतो. पुढे चालत जाऊन हडोकेन टाकायला गेलं की शोर्युकेन निघतो. सलग पाच-सहा वेळा. समोर कुणी नाही, र्‍यू हवेत ठोसा मारतोय. मॅचमध्ये असं झालं तर राउंड तिथेच गेला.

इनपुटची यादी: ६ (चालताना धरलेला), मग २, ३, ६ आणि पंच. हे वाचल्यावर उलगडा झाला. खेळाला माझ्या मनातलं कळत नाही, त्याला फक्त शेवटच्या काही दिशा दिसतात. ६२३६ मध्ये २३६ आहे, तसंच ६२३ पण आहे. दोन्ही कमांड पूर्ण दिसत असतील तर खेळ शोर्युकेनला आधी मान देतो. यात त्याची बाजू रास्त आहे: उडी अडवायला घाईत केलेला शोर्युकेन जरा पुढे घरंगळला, तर त्या जागी हडोकेन निघणं जास्त घातक ठरेल.

दोन उपाय करून पाहिले. एक, चालणं थांबवायचं, अंगठा क्षणभर ५ वर आणायचा आणि मग २३६. चालतो, पण त्या थांबण्याने समोरच्याला चाहूल लागते, आणि घाईत ते थांबणं नेमकं विसरतं. दुसरा, ४ पासून सुरुवात करायची: ४१२३६, म्हणजे मागून पुढे अर्धं वर्तुळ. मध्ये मागची दिशा आली की पुढचा जुना ६ या कमांडचा भाग धरला जात नाही. अंगठ्याला प्रवास जास्त आहे, पण हालचाल सलग आहे, आणि मला सलग हालचाल थांबण्यापेक्षा सोपी जाते. चालत जाऊन २० पैकी १८.

हा उपाय ठेवते.

१९ जून

उजवी बाजू. सगळं उलटं: हडोकेन आता पडद्यावर खाली आणि डावीकडे. पहिल्या दिवशी जितकी अडखळत होते तितकीच आज. उजवीकडून शोर्युकेन ३० पैकी ४.

कारण उघड आहे. मी ‘पुढे’ शिकलेच नव्हते, ‘उजवीकडे’ शिकले होते. आकडे म्हणताना ६ म्हणजे उजवा बाण असंच डोक्यात बसलं होतं. आता म्हणताना ६ च्या जागी ‘त्याच्याकडे’ म्हणते. त्याच्याकडे, खाली, त्याच्याकडे तिरकं. म्हणायला लांब आहे, पण बाजू बदलली तरी शब्द बदलत नाहीत.

यापुढे एकाच बाजूने सराव करायचा नाही. पाच डावीकडून, पाच उजवीकडून.

२३ जून

पहिल्या खऱ्या मॅच, धाकट्या भावाबरोबर. तो हा खेळ माझ्या कितीतरी आधीपासून खेळतो, गाईल नावाचं कॅरॅक्टर घेतो. दहा मॅच, दहाही हरले. त्याचं वाईट नाही. वाईट याचं वाटलं की त्या दहा मॅचमध्ये माझा एकही शोर्युकेन वेळेवर निघाला नाही. काल ट्रेनिंगमध्ये ३० पैकी २६ निघाले होते. तो उडी मारून यायचा, मला दिसायचं, आणि हात हलेपर्यंत लाथ बसलेली असायची.

शेवटी म्हणाला, “ताई, तू माझ्याकडे बघतच नाहीयेस. तू तुझ्या र्‍यूकडे बघतेस.”

मी म्हटलं, मूव्ह निघाली की नाही ते बघायला नको का?

“निघाली तर कळेलच की. मी काय करतोय ते बघ.”

२४ जून

काल रात्रभर डोक्यात तेच. आज हिशोब मांडला.

एक उडी साधारण पाऊण सेकंदाची, ४५ फ्रेमच्या आसपास. दिसलेल्या गोष्टीवर हात हलायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. माझ्या ६२३ ला इनपुटच्या यादीप्रमाणे सध्या ११ ते १३ फ्रेम लागतात. लाइट शोर्युकेन पाचव्या फ्रेमला लागतो. १५, १३ आणि ५ मिळून ३३. उडी ४५ ची. वेळ पुरतोय. मग काल का पुरला नाही?

कारण ते १२-१५ फ्रेम एकाच गोष्टीची वाट बघणाऱ्या माणसाचे आहेत. दिवा लागला की बटण दाबा, तसे. पर्याय वाढले की प्रतिसादाला लागणारा वेळ वाढतो. विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये हे प्रयोगाने मांडलं होतं. काल माझ्यासमोर तो उडी मारेल, सॉनिक बूम (गाईलचा लांबून फेकलेला मारा) टाकेल, चालत येऊन पकडेल, की ड्राइव्ह इम्पॅक्ट (समोरचा मार सोसून दिलेला जोरदार धक्का) करेल, असे चार प्रश्न एकदम होते. आणि माझा निम्मा जीव अंगठ्यात अडकलेला होता.

म्हणजे तीन आठवडे मी जे शिकले ते ‘शोर्युकेन कसा काढायचा’. ‘आता शोर्युकेन’ हे ठरवणं मी एकदाही शिकले नाही, कारण ट्रेनिंगमध्ये ते आधीच ठरलेलं असायचं. ३० वेळा शोर्युकेन म्हटल्यावर एकतिसाव्या वेळी काय करायचं हा प्रश्नच उरत नाही. जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांचा १९७९ चा एक प्रयोग पूर्वी वाचला होता: हाताच्या हालचाली एकेक घोटत शिकलेले लोक सरावात पुढे असतात, पण क्रम मिसळून शिकलेल्यांना त्या नंतर जास्त नीट जमतात. वाचलं तेव्हा पटलं होतं. माझ्या वहीत ते लागू पडतं हे मात्र काल हरल्यावर दिसलं.

नवा सराव: डमीला, म्हणजे ट्रेनिंगमधल्या प्रतिस्पर्ध्याला, तीन हालचाली रेकॉर्ड करून दिल्या. एकीत तो उडी मारतो, दुसरीत ड्राइव्ह इम्पॅक्ट करतो, तिसरीत नुसता पुढे-मागे चालतो. खेळ यांतली कोणतीही केव्हाही चालवतो. उडीला शोर्युकेन. इम्पॅक्टला माझा इम्पॅक्ट, हेवी पंच आणि हेवी किक एकत्र. उशिरा केलेला इम्पॅक्ट आधीच्याला हरवतो. चालण्याला काहीही नाही. हे तिसरंच सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण हात रोखणं हाही प्रतिसादच.

पहिल्या अर्ध्या तासात माझे आकडे कोसळले. उडीला २० पैकी ५. चालण्यालासुद्धा सहा वेळा शोर्युकेन टाकला.

२८ जून

उडी: २० पैकी ११. इम्पॅक्ट: २० पैकी १४. उगाच टाकलेले शोर्युकेन: २.

इम्पॅक्ट सोपा जातो आणि त्याचं कारण वेगात नाही. तो २६ फ्रेमनी लागतो, उडीपेक्षा लवकर. पण त्याचं उत्तर दोन बटणांत आहे, अंगठा लागत नाही, आणि रंगांचा तो फवारा नजरेतून सुटूच शकत नाही. उडी मात्र गुपचूप सुरू होते.

आज पाहिलं की मी डमीच्या चेहऱ्याकडे बघते. नजर वर नेली, त्याच्या डोक्यावरच्या रिकाम्या जागेकडे. त्या जागेत काही आलं की उडी. एवढ्यानेही फरक पडला.

एक पर्यायही टिपून ठेवते: बसून हेवी पंच, म्हणजे २ धरून एक बटण. र्‍यूचा हा ठोसा वर जातो आणि बऱ्याच उड्या अडवतो. मार कमी, पण अंगठ्याला वळण नाही. उशिरा दिसलेल्या उडीला हाच. सगळीकडे शोर्युकेनच हवा हा हट्ट सोडला.

३ जुलै

भावाने एक छोटा कॉम्बो, म्हणजे सलग जोडलेल्या माऱ्यांची साखळी, दाखवला: बसून लाइट पंच, उभ्याने लाइट पंच, लगेच लाइट शोर्युकेन. शेवटचा ठोसा लागत असतानाच त्याचा उरलेला भाग कापून पुढची मूव्ह सुरू होते. याला कॅन्सल म्हणतात.

कॉम्बो कसे आले ती गोष्ट मला फार आवडते. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ वर काम चालू असताना निर्माते नोरिताका फुनामिझू गाडी फोडायच्या बोनस फेरीत चुका तपासत होते. त्यांना दिसलं की एका ठोशाला दुसरा ठोसा सलग जोडता येतो. ते जमणं इतकं अवघड वाटलं की कुणाच्या उपयोगी पडेल असं वाटलं नाही, म्हणून तसंच ठेवलं. फाइटिंग गेम म्हटलं की आज जे आधी आठवतं, ते असं राहून गेलेलं आहे. आणि माझ्या तीन मूव्ह त्याहूनही जुन्या, १९८७ च्या पहिल्या स्ट्रीट फायटरपासूनच्या.

या कॉम्बोतले दोन लाइट पंच मारासाठी नाहीत, बघायला वेळ मिळावा म्हणून आहेत. ते लागले तर शोर्युकेन, ब्लॉक झाले तर थांबायचं. इथेही ठरवणं आलंच. डमीला कधी ब्लॉक करायचा, कधी नाही असं ठेवून बसले. ब्लॉक दिसूनही हात थांबत नाही. ठोशांच्या लयीत शोर्युकेन आपोआप निघून जातो. १० पैकी ७ वेळा.

८ जुलै

आज सराव थोडा, वाचन जास्त. स्वतःच्या कमांड समजल्यावर समोरच्याच्या कमांड वाचायला शिकावं असं वाटलं.

गाईलचा सॉनिक बूम: मागे काही वेळ धरून ठेवायचं, मग पुढे आणि पंच. म्हणजे गाईल पुढे चालत असेल तर त्याच्याकडे त्या क्षणी सॉनिक बूम नाही. भाऊ जेव्हा जेव्हा पुढे चालत येतो, तेव्हा मला चार प्रश्नांतला एक वजा करता येतो! हे मला २३ तारखेला ठाऊक असतं तर. तो खाली-मागच्या कोपऱ्यात बसला असेल तर मागचं आणि खालचं दोन्ही धरलेलं असतं. सॉनिक बूम तयार आणि उडी अडवणारी समरसॉल्ट किकही तयार. त्या वेळी त्याच्यावर उडी मारायची नाही.

झँगीफ या दुसऱ्या कॅरॅक्टरची मोठी पकड पूर्ण वर्तुळाची आहे. वर्तुळात वरची दिशा येते, आणि वर दाबलं की उडी लागते. म्हणून झँगीफ खेळणारे दुसरी काही हालचाल चालू असताना, उदाहरणार्थ उडीतून खाली येता येता, अंगठा फिरवून घेतात. पूर्ण वर्तुळ लागतही नाही, पाऊण पुरतं.

माझ्या हडोकेनलाही समोरून वाचता येतं, हे ओघाने आलंच. एकदा सोडला की साधारण पाऊण सेकंद र्‍यूला दुसरं काही करता येत नाही. जवळून आणि ठराविक ठेक्यात टाकला तर मी स्वतःच उडीला बोलावते. लाइट हळू जातो, हेवी वेगात. दोन्ही मिसळायचे, आणि मध्ये एखादा टाकायचाच नाही.

१३ जुलै

भावाबरोबर पुन्हा दहा मॅच. तीन जिंकले.

आकडे नंतर रिप्ले बघून काढले. त्याच्या माझ्यावर आलेल्या उड्या ३१. शोर्युकेनने अडवलेल्या ८, बसून हेवी पंचाने ९, नुसत्या ब्लॉक केलेल्या ६, लागलेल्या ८. चालत जाऊन टाकलेल्या हडोकेनच्या जागी शोर्युकेन: एकदाच.

सातव्या मॅचच्या दुसऱ्या राउंडबद्दल लिहून ठेवायचं आहे. तो पुढे चालत आला, म्हणजे सॉनिक बूम नाही. मी मीडियम किक मारायच्या विचारात होते. तो उडाला, माझ्या डोक्यावरून पलीकडे जाणारी उडी, आणि र्‍यू वर गेला. ड्रॅगनसारखाच. मी ‘त्याच्याकडे, खाली’ काहीही म्हटलं नव्हतं. कमांड कोणत्या बाजूने केली हेही आठवेना. रिप्लेतलं इनपुट बघितलं तेव्हा कळलं की बाजू बदलल्यावर, उजवीकडून. १० फ्रेम.

भाऊ पॅड खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, “हा ठरवून टाकलास?”

“नाही.”

“मग ठीक आहे. पुन्हा लाव.”

राहिलेलं: उजवीकडून येणारे बाकीचे शोर्युकेन अजून कच्चे आहेत, आठपैकी दोनच त्या बाजूचे. दोन लाइट पंचांनंतर ब्लॉक दिसला तरी हात थांबत नाही, आज चार वेळा त्याची शिक्षा खाल्ली. डमीच्या रेकॉर्डिंगमध्ये चौथी हालचाल घालायची, डोक्यावरून पलीकडे जाणारी उडी. मुदत आणखी तीन आठवडे वाढवली.